दोन चाकांमधली जागा

नुसत्या आठवणीवर हा घटनाक्रम लिहिला असता, तर मी स्वतःला बराच सावध दाखवला असता. म्हणून फोनमधले फोटो, पंपावरच्या पावत्या आणि टायरच्या सेन्सरनी नोंदवून ठेवलेले आकडे समोर घेऊन बसलोय. ऑगस्टमधला शनिवार होता. डेन्व्हरहून आय-70 या महामार्गाने सरळ पश्चिमेला जायचं, रात्री युटातल्या रिचफिल्डला मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी ब्राइस कॅन्यन, असा बेत होता. पिकअपमध्ये मी, बायको आणि नऊ वर्षांची लेक. मागे 24 फुटी ट्रॅव्हल ट्रेलर, दोन एक्सल, चार चाकं, एकेक एक्सल 3,500 पौंडांचा.

पहाटे 5:38, घरासमोर

पहिला फोटो. दोन चाकांच्या मधे अडकवलेला लोखंडी अडसर लेकीने काढून हातात धरलाय. ते तिचं ठरलेलं काम. फोटो मोठा करून पाहिला की डाव्या बाजूच्या पुढच्या आणि मागच्या टायरमध्ये किती जागा आहे ते स्पष्ट दिसतं. आडवी मूठ जाऊन वर बोटभर उरेल एवढी. एक्सलमधलं अंतर 33 इंच, टायरचा व्यास सव्वाअठ्ठावीस. म्हणजे पावणेपाच इंच. हा हिशोब मी नंतर केला. त्या पहाटे ही जागा मोजावी असं मनातही आलं नव्हतं.

दोन आठवड्यांपूर्वी ट्रेलरचे पाटे बदलून घेतले होते. जुने बसले होते, डावी बाजू अंगठाभर खाली आली होती. काम एका गॅरेजने केलं. मी गाडी आणली ती तिथून घरी, दहाएक मैल. नंतर चाकांचे नट मी स्वतः टॉर्क रेंचने तपासले, कारण चाक काढून बसवलं की 10, 25 आणि 50 मैलांवर नट पुन्हा कसायचे हे मला पाठ आहे. टायरमध्ये 65 पीएसआय हवा, चारही सारखे. वजनकाट्यावर भरलेला ट्रेलर तोलून घेतला होता, तोही मर्यादेत. सेन्सरचा पडदा हिरवा होता.

6:54, आयझेनहॉवर बोगदा

पश्चिमेकडच्या तोंडाशी उंची 11,158 फूट. बाहेर पडलं की सिल्व्हरथॉर्नपर्यंत मैलोन्‌मैल सरळ उतार. ट्रेलरचे ब्रेक विजेवर चालतात. पिकअपचा पेडल दाबला की चाकातलं चुंबक ड्रमला चिकटतं आणि चाक मागे खेचू लागतं. ही सगळी ओढ एक्सलवरून पाट्यांवर जाते.

इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट या एका जागी आहे. एक्सल पाट्यांना जखडून ठेवतात ते यू-बोल्ट, एका बाजूला दोन. पाट्यांच्या मधून आरपार गेलेला एक सेंटर बोल्ट असतो, त्याचं डोकं एक्सलवरच्या भोकात बसतं. त्याचं काम जागा दाखवण्याचं. धरून ठेवण्याचं काम यू-बोल्टचं, आणि तेही दाबाने. त्यांचे नट इतके घट्ट हवेत की पाटा आणि एक्सल एकमेकांवर तसूभरही घसरू नयेत. नवे पाटे बसवल्यावर थोडी गाडी चालली की रंग चेपतो, पाटे एकमेकांत बसतात आणि तो दाब कमी होतो. म्हणून ते नट पुन्हा कसायचे असतात. ते केलं नाही की ब्रेकची सगळी ओढ त्या एकट्या सेंटर बोल्टवर येते.

उतारावर कधीतरी मागून ‘टक्’ असा आवाज आला. एकदाच.

“काय पडलं रे?” बायकोने विचारलं.

“आत कपाटातलं असेल काहीतरी.”

7:12, सिल्व्हरथॉर्न

थांबून ट्रेलरचं दार उघडलं. कुकरचं झाकण खरोखरच खाली पडलं होतं. मी ते उचलून ठेवलं, आवाजाचं कारण सापडलं आणि मी निर्धास्त झालो. ते झाकण जागेवर असतं तर कदाचित मी वाकून खाली पाहिलं असतं. दारासमोर लेकीचा दुसरा फोटो आहे. दार उजवीकडे असल्याने त्यात चाकंही उजवीकडचीच. मग तिने ट्रेलरला फेरी मारली आणि डाव्या बाजूला उभी राहून जीभ बाहेर काढली, तो तिसरा. त्यात दोन टायरमध्ये आडवी मूठ बसते. वरचं बोट आता बसत नाही.

7:45, व्हेल पास

10,662 फूट. पुन्हा तसाच तीव्र उतार. मी हळू उतरलो, खालच्या गिअरमध्ये, थोडा ब्रेक, मग सोडायचा, पुन्हा थोडा. उतरायची रीत हीच. पण दर वेळी ब्रेक लागला की पुढचा एक्सल डाव्या टोकाला केसभर मागे सरकत असणार.

9:24, ग्लेनवुड कॅन्यन

1992 साली पुरा झालेला हा रस्ता कोलोरॅडो नदीच्या काठाने, अर्धा खांबांवर आणि अर्धा कड्याच्या पोटात शिरून जातो. अमेरिकेतला इतका सुंदर महामार्ग मी दुसरा पाहिलेला नाही. विश्रांतीच्या जागी थांबलो. पुलांच्या सांध्यांवरून जाताना मागून येणारा धबधब आवाज जरा जड वाटत होता, पण सांधेच तसे असतील म्हटलं. फोटोत चार बोटं जागा आहे. सेन्सरची नोंद: डावं पुढचं चाक 74, बाकीची तीन 71.

11:05, ग्रँड जंक्शन

घरून आणलेले पराठे आणि दही. जेवताना सेन्सरचा पडदा पाहिला: डावं पुढचं 79 पीएसआय आणि 131 अंश फॅरनहाइट, बाकीची 74 आणि 112 च्या आसपास. पहिल्यांदाच मी त्यावर विचार केला, आणि माझा विचार असा: आपण पश्चिमेला चाललोय, दक्षिण डावीकडे आहे, तेव्हा ऊन डाव्या बाजूला लागतंय.

ऊन डाव्या बाजूच्या दोन्ही चाकांना लागत होतं. तापलं होतं एकच.

खरं कारण असं की डावं टोक मागे गेल्यामुळे पुढचा एक्सल तिरपा झाला होता. त्याची चाकं डावीकडे बघत होती आणि गाडी सरळ चालली होती. म्हणजे ते टायर फिरत होतं आणि बाजूला घासतही होतं. इथल्या फोटोत मडगार्डच्या कडेला काळी, मिरीपुडीसारखी भुकटी दिसते. ती रबराची. मी तिला रस्त्याची धूळ समजलो.

निघताना बायको म्हणाली, “डाव्या आरशात ट्रेलर जास्त दिसतोय का रे?” मी आरसा नीट केला.

12:31, युटाची हद्द ओलांडल्यावर

डावीकडून एक अठराचाकी ट्रक पुढे निघाला. माझ्या बरोबरीला आल्यावर त्याने दोनदा भोंगा वाजवला आणि उजवीकडच्या खिडकीच्या दिशेने हात लांब करून, तळवा खाली ठेवून मागे मागे असं दाखवलं. मी वेग कमी करून त्याला जागा दिली होती, त्याबद्दल तो आभार मानतोय असं मला वाटलं. मी हात हलवला. डाव्या बाजूची दोन्ही चाकं शेजारून पाहणारा त्या दिवसातला तो एकटाच माणूस. त्याने सांगितलं आणि मी त्याला टाटा केला. हे लिहिताना अजून हात थांबतो.

1:52, ग्रीन रिव्हर

इथे पेट्रोल भरायलाच हवं. कारण पुढे सलायनापर्यंत शंभराहून जास्त मैल पंप नाही, दुकान नाही, गाव नाही. पाटी तसं बजावते. मनात कुठेतरी ट्रकवाल्याचा हात होता, म्हणून मी उतरून चारही चाकांपाशी उकिडवा बसलो.

माझे बाबा एस.टी.च्या कार्यशाळेत मेकॅनिक होते. गाडी लांबून आली की हबला हाताची पालथी बाजू लावून बघायचे. चटका बसला तर बेअरिंग जातंय. ही सवय मी त्यांच्याकडून उचलली. शिवाय 3 फेब्रुवारी 2023 ला ओहायोत ईस्ट पॅलेस्टाइनला मालगाडी घसरली, त्याचा अहवाल मी वाचून काढला होता. एका डब्याचं बेअरिंग तापत गेलं. रुळालगतच्या पहिल्या यंत्राने ते हवेच्या तापमानापेक्षा 38 अंश फॅरनहाइटने जास्त मोजलं, पुढच्याने 103 ने, आणि तिसऱ्याने 253 ने. तिसरं यंत्र बोंबललं तेव्हा उशीर झाला होता. 38 डबे रुळांवरून उतरले, विषारी रसायनांना आग लागली. तेव्हापासून मी दर थांब्याला हब बघतोच.

चारही हब कोमट होते. डावं पुढचं जरा जास्त, पण चटका नाही. बेअरिंग ठणठणीत होती.

मी उकिडवा बसलो होतो तेव्हा बायकोने काढलेला फोटो आहे. माझा हात हबवर. माझ्या कोपरापासून वीतभर अंतरावर दोन टायर, मधे दोन बोटं जागा. मला बेअरिंगचं भय होतं म्हणून मी बेअरिंग बघितलं. हब ही वस्तू आहे, तिला हात लावता येतो. दोन चाकांमधलं अंतर ही वस्तू नव्हे, तिथे काहीच नसतं, आणि ‘काहीच नाही’ कमी झालंय हे माझ्या डोळ्याला कळलं नाही. पहाटेचा तो अडसर लेकीने त्या वेळी लावायला घेतला असता तर तो मधे शिरलाच नसता. पण पिकअप जोडलेली असताना अडसर लावायचा नसतो.

2:31, स्पॉटेड वुल्फ कॅन्यन

सॅन राफेलच्या उभ्या कड्यांत सुरुंगांनी फोडलेली, 1970 साली खुली झालेली वाट. लांब चढ. चढावर ब्रेक लागत नाहीत, त्यामुळे मागे सगळं शांत. फोनला रेंज नाही.

2:58, घोस्ट रॉक

माथ्यावर थांबलो. वारा, तांबडे-पांढरे खडक. इथे सतरा फोटो आहेत, ट्रेलरचा एकही नाही.

3:06

उतार सुरू झाला. ब्रेकवर पाय ठेवला आणि डॅशबोर्डखालच्या कंट्रोलरवर ट्रेलर जोडलेला नसल्याची खूण लुकलुकली, गेली, पुन्हा आली. एक्सलबरोबर मागे ओढली गेलेली ब्रेकची वायर ताणली होती. मी प्लग हलला असेल म्हटलं आणि थांबायला रुंद जागा शोधू लागलो. एवढं मी बरोबर केलं.

3:08

रबर जळल्याचा वास आला. एकाच दिशेने फिरणारी दोन चाकं एकमेकांना टेकली, की टेकल्या जागी पुढच्याचं रबर वर जात असतं आणि मागच्याचं खाली. वेग ताशी 58 मैल. डाव्या आरशात निळसर धूर दिसला.

3:09

मागचं टायर फुटलं. आवाज बंदुकीसारखा. फाटलेल्या रबराचा पट्टा चाकाबरोबर गरगरत मडगार्ड, मग जमिनीचा पत्रा फाडत गेला. त्याच क्षणी पुढच्या एक्सलचं डावं टोक पाट्यावरून पूर्ण सुटलं. ट्रेलरचं शेपूट डावीकडे गेलं, मग उजवीकडे, मग आणखी डावीकडे. अशा वेळी पिकअपचा ब्रेक दाबायचा नाही, फक्त ट्रेलरचा ब्रेक हाताने लावायचा. मी कंट्रोलरची कळ पूर्ण सरकवली. वायर तुटलेली होती, पलीकडे काही नव्हतं.

तिसऱ्या हेलकाव्याला ट्रेलर उजव्या अंगावर पडला. पिकअपचा मागचा भाग उचलला गेला, जोड पिळवटून तुटला आणि आम्ही कडेच्या खडीत आडवे थांबलो. लेक रडत नव्हती. “आपलं घर पडलं,” एवढंच म्हणाली.

त्यानंतर

तिघांनाही खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. मागून येणाऱ्या पहिल्या गाडीत आजी-आजोबा होते. त्यांनी लेकीला सावलीत बसवलं. दुसरी गाडी रेंज मिळेपर्यंत पुढे गेली. हायवे पोलीस सव्वाचारला आले, ओढगाडी पावणेसातला. भाताचा डबा, चादरी, पत्त्यांचा कॅट, सगळं उतारावर शंभर पावलांत पसरलेलं. मी ते गोळा करत वर गेलो तेव्हा एक यू-बोल्ट सापडला. धड होता, वाकलासुद्धा नव्हता. एका पायावर नट होता, हाताने फिरत होता. दुसऱ्या पायावर नव्हता.

गॅरेजच्या कागदावर ‘पाटे बदलले, तपासले’ एवढंच आहे. नट कितपत आवळले, पुन्हा केव्हा कसायचे, एक अक्षर नाही. या बारीकशा कागदाचा मला अजून राग येतो.

रात्री मोटेलमधून साताऱ्याला फोन लावला. तिकडे सकाळ झाली होती. “माणसं बरी आहेत ना?” हे बाबांनी तीनदा विचारलं. मग म्हणाले, “पाटे बदलल्यावर यू-बोल्ट परत कसले होतेस का?”

“मला ठाऊक नव्हतं, बाबा.”

बराच वेळ ते बोलले नाहीत. “असतील तेवढे फोटो धाड,” म्हणाले.

अर्ध्या तासाने एक फोटो परत आला. सिल्व्हरथॉर्नचा, 7:12 चा, लेकीने जीभ बाहेर काढलेला. तिच्या गुडघ्यामागे, पुढच्या चाकाच्या आतल्या अंगाला बाबांनी बोटाने एक वेडावाकडा लाल गोल काढला होता. मी तो मोठा केला. काळ्या रंगाच्या एक्सलवर, पाट्याला लागून, नखाएवढी एक पट्टी घासून चकचकीत झाली होती.