टपालाच्या तिकिटावरील आरमार



21 फेब्रुवारी 2022 रोजीं विशाखापट्टणच्या समुद्रांत राष्ट्रपति रामनाथ कोविंद यांनीं भारतीय नौदलाची पाहणी केली. स्वातंत्र्याच्या पंचाहत्तरीनिमित्त झालेल्या या समारंभाचें स्मारक म्हणून टपालाचें तिकीट काढण्यांत आलें. साठांहून अधिक नौका रांगेनें उभ्या करून देशाच्या सज्जतेची खातरी पटविणें, हा अशा पाहणीचा हेतु असतो.

परंतु समुद्रावरील सत्ता केवळ नौकांच्या बळावर टिकत नाहीं, याची साक्ष मीरा-भाईंदरचा पश्चिम किनारा देतो. खाडीच्या मुखाशीं उत्तरेस वसईचा किल्ला, दक्षिणेस धारावी बेट. वसईस वेढा पडला, तरी पोर्तुगीजांना जलमार्ग मोकळा होता. मार्च 1739 मध्यें चिमाजीअप्पांच्या फौजेनें पुष्कळ रक्त सांडून धारावी जिंकली आणि खाडीचें तोंड मराठ्यांच्या तोफांच्या टप्प्यांत आलें. मे महिन्यांत वसई शरण आली.

तिकिटावर जहाजें मावतात. त्यांची वाट राखणारा किंवा अडविणारा किनारा त्यावर मावत नाहीं. म्हणून तें तिकीट संग्रहीं ठेवतांना उत्तनजवळच्या त्या टेकडीचेंही स्मरण ठेवावें.