हाऊजीची कुळकथा: जुगाराच्या पेटीतून चर्चच्या अंगणात

हाऊजीचे तिकीट एकदा नीट निरखून पाहा. तीन आडव्या ओळी, नऊ उभे रकाने, म्हणजे एकूण 27 घरे. त्यांतली 15 भरलेली, 12 रिकामी. कुठल्याही ओळीत पाचाहून जास्त आकडे नाहीत. पहिल्या रकान्यात 1 ते 9, दुसऱ्यात 10 ते 19 असे करत शेवटच्या रकान्यात 80 ते 90. सहा तिकिटांचा जुळवून छापलेला अख्खा ताव घेतला, तर 1 पासून 90 पर्यंतचा प्रत्येक आकडा त्यात नेमका एकदाच येतो. एवढ्या काटेकोर बांधणीचा कागद आपण एका संध्याकाळपुरता विकत घेतो, पेनने गिरवतो आणि खुर्चीखाली टाकून घरी जातो.

वसई-वांद्र्यापासून गोव्यापर्यंत कॅथलिक वस्तीतल्या सणासमारंभांत हाऊजी नवी नाही. चर्चच्या छपराची डागडुजी, शाळेची खोली, एखाद्याचे आजारपण, अशा कारणांसाठी ती मांडली जाते. खेळणाऱ्यांत ख्रिस्ती असतात तसे शेजारचे इतरही असतात. पण हे आकडे 90च का, शंभर का नाहीत? त्याचे उत्तर शोधायला सोळाव्या शतकातल्या जेनोआला जावे लागते, आणि ते कुठल्या खेळात नाही, निवडणुकीत सापडते.

जेनोआ हे तेव्हा व्यापाऱ्यांचे प्रजासत्ताक होते. आंद्रेआ दोरिआने 1528 मध्ये तिथली राज्यघटना बदलली. प्रतिष्ठित घराण्यांतल्या माणसांची नावे पेटीत टाकायची आणि वर्षातून दोनदा पाच नावे चिठ्ठीने काढून त्यांना सत्तेच्या मंडळांत बसवायचे, अशी पद्धत रूढ झाली. वशिला आणि गटबाजी टाळावी हा हेतू. पण जिथे चिठ्ठी तिथे पैज. कोणती पाच नावे निघणार यावर शहर पैसे लावू लागले. पेटीत आधी 120 नावे असत, पुढे ती 90 वर आली. मग पैज लावणाऱ्यांना नावांची गरजच उरली नाही, क्रमांक पुरेसे झाले. 90 आकड्यांतून पाच काढायचे ही इटलीची ‘लोत्तो’ सोडत अशी जन्मली. हाऊजीच्या प्रत्येक ओळीत पाच आकडे असतात, तेही त्या पाच जागांचे वारस म्हणायला हरकत नाही.

लोत्तो इटलीभर पसरली तशी चर्चची पंचाईत झाली. गरीब माणूस पोटाला चिमटा घेऊन पैसे लावतो हे धर्मगुरूंना दिसत होते. दुसरीकडे त्याच सोडतीला दानधर्माची झालर लावलेली होती. काही शहरांत 90 आकड्यांना 90 गरीब मुलींची नावे जोडलेली असत आणि निघालेल्या पाच आकड्यांच्या मुलींना हुंड्याची रक्कम मिळे. खुद्द पोपांचेही यावर एकमत नव्हते. तेरावे बेनेडिक्ट यांनी 1720च्या दशकात लोत्तो खेळणाऱ्यांना धर्मबहिष्काराचा धाक घातला. त्यांच्यानंतर आलेल्या बाराव्या क्लेमेंट यांनी 1731 मध्ये तीच सोडत रोममध्ये पुन्हा सुरू केली आणि तिच्या उत्पन्नातून शहरात बांधकामे काढली. रोमला जाणारे प्रवासी आज ज्या त्रेव्ही कारंज्यात नाणी टाकतात, त्याच्या बांधकामाला या सोडतीचा पैसा लागला आहे. पुढची तीनशे वर्षे चालणारा वाद या दोन पोपांच्या निर्णयांत आधीच मांडून झाला होता.

आकड्यांचा हा खेळ घरात शिरला तो नेपल्समध्ये. नेपल्सचे लोक त्याची गोष्ट अशी सांगतात. 1734 साली राजा चार्ल्स बूर्बाँ याला लोत्तो सरकारी ताब्यात चालू ठेवायची होती, कारण तिचा महसूल मोठा. ग्रेगोरिओ मारिआ रोक्को नावाच्या डोमिनिकन धर्मगुरूंचा तिला कडवा विरोध. शेवटी तडजोड झाली, की सोडत चालू राहील, पण नाताळच्या आठवड्यात बंद. लोकांनी त्यावर तोड काढली. सरकारी सोडत नाही तर नाही, आपण घरीच खेळू. वेताच्या टोपलीत 90 आकडे, प्रत्येकाच्या हातात एक पत्ता, निघालेल्या आकड्यावर ठेवायला शेंगांचे दाणे. हाच तोंबोला. गोष्टीत थोडे मीठमसाल्याचे असेल, पण नाताळात घरोघरी तोंबोला खेळायची नेपल्सची प्रथा आजही जिवंत आहे. ओळीत दोन, तीन, चार, पाच आकडे भरले की लहान बक्षिसे आणि पत्ता पूर्ण भरला की मोठे, हा क्रमही तिथलाच. आपल्याकडची ‘फर्स्ट फाइव्ह’, ‘टॉप लाइन’ आणि ‘फुल हाऊस’ ही त्याचीच नातवंडे.

नेपल्सने या खेळाला आणखी एक देणगी दिली. तिथे प्रत्येक आकड्याला अर्थ असतो. 22 म्हणजे वेडा, 25 म्हणजे नाताळ, 33 म्हणजे ख्रिस्ताचे वय, 48 म्हणजे बोलणारे प्रेत, 90 म्हणजे भीती. स्वप्नात जे दिसेल त्याचा आकडा काढून त्यावर पैसे लावायचे, यासाठी कोष्टकेच असत. आकडा पुकारणाऱ्याने नुसता आकडा न सांगता त्याला टोपणनाव द्यायचे, ही गंमत पुढे ब्रिटिश फौजेतही दिसते.

फौजेत या खेळाला ‘हाऊस’ म्हणत, आरमारात ‘तंबोला’. पत्ते आणि फासे यांवर पैसे लावायला सैनिकांना बंदी होती, हाऊसला मात्र मुभा होती. कारण उघड आहे. यात कौशल्य नाही, त्यामुळे सराईत खेळाडू नवख्याला लुबाडू शकत नाही. शिवाय सगळे एका ठिकाणी, एका आवाजाकडे कान लावून बसतात. पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांनी आकड्यांना आपल्या जगण्यातली नावे दिली. 9 म्हणजे ‘डॉक्टर्स ऑर्डर्स’, कारण फौजेतला डॉक्टर कुठल्याही तक्रारीवर देत असे त्या जुलाबाच्या गोळीचा क्रमांक नऊ होता. 11 म्हणजे ‘लेग्ज इलेव्हन’, 88 म्हणजे ‘टू फॅट लेडीज’. आज मुंबईच्या उपनगरात माइकवरून हे पुकारे ऐकू येतात, तेव्हा त्या खंदकांची आठवण कुणालाच नसते. भारतात हा खेळ आला तो या छावण्यांच्या आणि गोऱ्यांच्या क्लबांच्या वाटेने. म्हणून आजही लष्करी मेसमध्ये आणि उत्तरेत तो तंबोला आहे, तर मुंबई-गोव्यात हाऊजी.

चर्चचा निधी आणि हा खेळ यांची पक्की गाठ मात्र अमेरिकेत पडली. त्याची पार्श्वभूमी पैशाची आहे. अमेरिकेत चर्चला सरकारी पैसा नाही. त्यात 1884च्या बाल्टिमोर परिषदेत बिशपांनी ठरवले, की प्रत्येक चर्चशेजारी धर्मग्रामाची, म्हणजे पॅरिशची, स्वतःची शाळा हवी. धर्मग्रामातली माणसे होती आयरिश, पोलिश, इटालियन, स्लोव्हाक स्थलांतरित. खाणीत, गिरणीत, गोदीत राबणारी. चर्च बांधायचे, शाळा बांधायची, कर्ज फेडायचे आणि ते कष्टकऱ्यांच्या नाण्यांतून. मग जत्रा, सहली, खाद्यपदार्थांचे स्टॉल, सोडती सुरू झाल्या. त्याच परिषदेने चर्चच्या मदतीसाठी नाचाचे कार्यक्रम भरवायला मनाई केली होती. म्हणजे पैसा उभा करायचा, पण करमणुकीवरही लगाम. बसल्या जागी, बायकामुलांसह, दारूशिवाय खेळता येईल असा खेळ हवा होता.

तो आणला एडविन लो या खेळणी विकणाऱ्याने. पोलंडमध्ये जन्मलेला हा ज्यू तरुण न्यूयॉर्कमध्ये व्यवसाय करत होता. डिसेंबर 1929 मध्ये, शेअर बाजार कोसळून दोन महिनेही झाले नव्हते तेव्हा, दक्षिणेत जॉर्जियामधल्या एका जत्रेत त्याने लोकांना दाणे ठेवून ‘बीनो’ खेळताना पाहिले. लोक टेबल सोडून उठायला तयार नव्हते. न्यूयॉर्कला परतून त्याने ‘बिंगो’ नावाने संच काढले. 12 पत्त्यांचा संच एक डॉलर, 24 पत्त्यांचा दोन डॉलर. अमेरिकी पत्ता वेगळा, पाच बाय पाचाचा, 75 आकड्यांचा, मधले घर फुकट.

पुढचा भाग लो स्वतः सांगत असे. पेनसिल्व्हेनियातल्या विल्क्स-बॅरी या कोळसाखाणींच्या गावातून एक कॅथलिक धर्मगुरू त्याच्याकडे आले. चर्च अडचणीत होते म्हणून त्यांनी बिंगो सुरू केला होता. खेळ चालला, पैसा मात्र सुटेना. संचात वेगवेगळे पत्ते 24च, माणसे कितीतरी जास्त, म्हणून तेच पत्ते अनेकांच्या हातात आणि दर डावाला सहा-सात विजेते. बक्षिसे वाटण्यातच जमा संपायची. लोने कोलंबिया विद्यापीठातले गणिताचे प्राध्यापक कार्ल लेफलर यांना गाठून एकमेकांशी न जुळणारे 6,000 पत्ते तयार करवून घेतले. मंदीच्या वर्षांत हा खेळ अमेरिकेतल्या चर्चच्या तळघरांत आणि सभागृहांत वणव्यासारखा पसरला.

धर्मगुरूंची अडचण किती खरी होती, हे आपल्या 90 आकड्यांच्या तिकिटावरही पडताळता येते. एकच तिकीट विकले तर ते पूर्ण भरायला सरासरी 85 आकडे पुकारावे लागतील. 200 वेगवेगळी तिकिटे विकली, तर पहिले फुल हाऊस साधारण 64व्या आकड्याच्या आसपास निघते आणि विजेता बहुधा एकटाच असतो. हीच 200 तिकिटे 24 नमुन्यांची असतील, तर प्रत्येक नमुना आठ-नऊ जणांकडे असणार आणि तेवढेच जण एकदम ओरडणार. हाऊजीतून निधी उभा राहतो तो तिकिटे वेगळी असतात म्हणून, आणि बक्षिसावरचा खर्च आधीच ठरलेला असतो म्हणून. समजा 50 रुपयांची 200 तिकिटे खपली. दहा हजार जमले. बक्षिसे सहा हजारांची धरली तर चार हजार चर्चला. बक्षिसाचा कुकर किंवा पंखा गावातल्या दुकानदाराने देणगी म्हणून दिला, तर चर्चचा वाटा आणखी वाढतो. बक्षिसे देणगीत मिळवण्याची खटपट म्हणूनच समितीतले सगळ्यात मोलाचे काम असते.

अमेरिकी धर्मग्रामांचा हंगाम उन्हाळा, कारण शाळा बंद, मैदान मोकळे, संध्याकाळी लांब. ओहायो राज्यातल्या सिनसिनाटीसारख्या शहरात उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी कुठल्या ना कुठल्या धर्मग्रामाची जत्रा असतेच. आपल्याकडचा उन्हाळा वेगळ्या कारणाने ठरतो. ईस्टर 22 मार्च ते 25 एप्रिल यांच्या दरम्यान येतो. त्याआधीचे चाळीस दिवस उपवासाचे, त्यात करमणूक नको. आणि जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात कोकणपट्टीवर पाऊस उतरतो. उघड्या मैदानावर मांडव घालायला उरतात ते ईस्टर आणि मृग यांच्यामधले जेमतेम दीड-दोन महिने. शाळांना सुट्टी, परगावी असलेली मंडळी घरी आलेली, लग्नसराई चालू. निधी गोळा करण्याचा हंगाम अशा रीतीने धर्मपंचांग आणि पावसाने मिळून ठरवलेला आहे.

अमेरिकेत चर्चच्या अंगणातल्या या खेळाचे सगळेच परिणाम निष्पाप नव्हते. प्रोटेस्टंट पंथांतले मेथडिस्ट त्यावर सडकून टीका करत. अनेक राज्यांत तो बेकायदा असल्याने पोलिसांनाही डोळेझाक करावी लागे. न्यू जर्सीच्या मतदारांनी 1953 मध्ये आणि न्यूयॉर्कच्या मतदारांनी 1957 मध्ये घटनादुरुस्तीला कौल देऊन धर्मादाय बिंगोला परवानगी दिली. अशा परवानगीने पुढे भलतेच दार उघडले. फ्लोरिडातल्या सेमिनोल आदिवासींनी 1979 मध्ये मोठ्या बक्षिसांचा बिंगो हॉल काढला. कोर्टात त्यांचे म्हणणे असे, की राज्य चर्चला बिंगो खेळू देते, म्हणजे राज्याने हा खेळ निषिद्ध मानलेला नाही, फक्त नियमांत बसवला आहे. मग ते नियम आमच्या भूमीवर लागू होत नाहीत. 1987 मध्ये कॅलिफोर्नियाच्या एका खटल्यात अमेरिकी सर्वोच्च न्यायालयानेही आदिवासींच्या बाजूने निकाल दिला, आणि 1988च्या कायद्याने आदिवासी भूमीवरच्या कॅसिनोंचा मार्ग मोकळा झाला. आज त्याच कॅसिनोंनी धर्मग्रामांच्या बिंगोचे गिऱ्हाईक पळवले आहे.

महाराष्ट्रात 1887चा जुगार प्रतिबंधक कायदा अजून लागू आहे. त्यात निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट आहे, आणि हाऊजीत कौशल्य औषधालाही नाही. सार्वजनिक खेळ भरवणाऱ्याने आधी परवानगीचे काय ते पाहावे. कॅथलिक चर्चची स्वतःची भूमिका धर्मशिक्षणाच्या अधिकृत ग्रंथात स्पष्ट आहे. नशिबाचे खेळ मुळात अन्यायाचे नाहीत, पण माणसाच्या स्वतःच्या आणि इतरांच्या गरजेचे पैसे त्यात जात असतील तर ते अनैतिक ठरतात.

तेव्हा तेराव्या बेनेडिक्टचे खरे की बाराव्या क्लेमेंटचे? दोघांचेही थोडे थोडे. खेळ तोच, आकडे तेच 90. फरक पडतो तो खेळणाऱ्याच्या खिशातून किती जाते आणि गेलेले कुठे पोहोचते यावर. म्हणून हाऊजी भरवणाऱ्या प्रत्येक समितीला एवढेच सांगणे आहे: तिकीट स्वस्त ठेवा, बक्षिसे देणगीतून मिळवा, आणि दुसऱ्या दिवशी जमाखर्च चर्चच्या फळ्यावर लावा. तो फळा कोरा राहिला, तर आपली हाऊजी आणि रोक्को ज्याच्याशी भांडले तो जुगार यांत काही फरक नाही.