घरगल्ली

मोहेंजोदडोच्या गटारांचा धडा आपण सगळेच शिकलो. विटांची गटारं, वर झाकणं, घराघरातून येऊन मिळणारी मोरी आणि मधे मधे गाळ काढायला खड्डे. गुरुजी हे छाती फुगवून सांगायचे, जणू त्यांच्याच आजोबांनी बांधलं. आता खड्डे गाळ काढायला होते म्हणजे गाळ काढणारा माणूस होता. खड्ड्याची लांबी-रुंदी पुस्तकात आहे. माणसाबद्दल धड्यात एक ओळ नाही.

ते साडेचार हजार वर्षांपूर्वीचं झालं. आपण आपल्या मुंबईचं बघू. कारण मुंबईच्या पोटातले पाइप कुणी घातले याचा इतिहास इंग्रजीत जाडजूड अहवालांत आहे. ते फुटल्यावर कुणी शोधले, कुणी जोडले, हा इतिहास कुठल्याच अहवालात धड नाही. आणि पाइप घालण्याचं काम एकदाच होतं. फुटण्याचं काम रोज होतं.

पहिल्यांदा शब्द घ्या. हलालखोर. फारशी-अरबीतून आलेला. हलालचं, म्हणजे कष्टाचं खाणारा, असा एक अर्थ लावतात. ज्याला सगळंच खायला चालतं तो, असा दुसरा. दोन्ही अर्थ लावणारे खुर्चीवर बसलेले. मुंबईत मैला उचलणाऱ्याला हे नाव सरकारी कागदावर मिळालं. १८६५ साली मुंबई म्युनिसिपालटीचा नवा कायदा आला, आर्थर क्रॉफर्ड म्युनिसिपल कमिशनर झाला. तोवर हलालखोर घरवाल्यांशी परभारे बांधलेले असत. त्यांना म्युनिसिपालटीनं आपल्या हाताखाली घेतलं आणि घरवाल्यांकडून पट्टी वसूल करायला लागली. १८८८ च्या मुंबई म्युनिसिपल कायद्यात तर 'हलालखोर टॅक्स' अशीच कराची वेगळी बाब होती. पुढे कायदा दुरुस्त झाला आणि मलनिःसारण कर आला. कराचं नाव बदलायला शंभरापेक्षा कमी वर्षं लागली, हेही काही कमी नाही म्हणा.

तेव्हाचा संडास म्हणजे टोपलीचा. घराच्या मागच्या अंगाला, खाली टोपली, आणि टोपली उचलणाऱ्यानं घरात पाऊल टाकायचं नाही म्हणून दोन इमारतींच्या पाठीला पाठ लावून मधे एक बोळ. तीच घरगल्ली. इंग्रजीत हाऊस गली. तीन-चार फुटांची, कुठं त्याहून अरुंद. ऊन पडत नाही. गिरगाव, काळबादेवी, भुलेश्वर, माझगाव, परळ, कुठल्याही जुन्या चाळीच्या मागं जा, ती आहे. वास्तुकलेवाले तिला हवा-उजेडाची सोय म्हणतात. हवा-उजेडासाठी असती तर तिचं दार कुलूप लावून मागच्या मागं ठेवलं नसतं. तिचं माप ठरलं ते एक माणूस आणि एक टोपली यांवर.

१८६० ला विहार तलावाचं पाणी शहरात आलं. पाणी आलं म्हणजे सांडपाणी आलं. आत आणायला नळ होते, बाहेर न्यायला काही नव्हतं. मग योजना सुरू झाल्या. हेक्टर टुलक नावाच्या इंजिनिअरानं १८७२ साली मुंबईच्या ड्रेनेजवर मोठा अहवाल छापला. शतकाच्या अखेरीपर्यंत वरळीला लव्ह ग्रोव्हला पंपिंग स्टेशन उभं राहिलं, रस्त्याखालून अंड्याच्या आकाराची विटांची गटारं गेली. अंड्याचा आकार यासाठी, की पाणी थोडं असलं तरी खालच्या निमुळत्या भागात वेगानं पळावं आणि गाळ बसू नये. डोकं चांगलं होतं, नाही म्हणत नाही.

पण रस्त्याखालच्या गटाराला घराचा पाइप जोडायचा तो कुठून? समोरून? दिवाणखान्यावरून? छे. टोपली होती तिथूनच. म्हणजे घरगल्लीतूनच. बिडाचे उभे पाइप मागच्या भिंतीला टांगले गेले, एक संडासाचा, एक मोरीचा. खाली गल्लीच्या फरशीत चेंबर बसली, तिथून भाजलेल्या मातीचे, मिठाची झिलई दिलेले पाइप रस्त्याकडं गेले. टोपली गेली, पाइप आला, गल्ली तीच राहिली. आणि गल्ली तीच राहिली म्हणून तिच्यात शिरणारा माणूस तोच राहिला. तंत्र बदललं की जात सुटते असं आपल्यातले काही शिकलेले म्हणतात, त्यांना ही गल्ली दाखवली पाहिजे.

आणखी एक गोष्ट त्या कायद्यानं केली. रस्त्याखालचं गटार म्युनिसिपालटीचं, आणि घराच्या हद्दीतली लाईन घरमालकाची. कागदावर साधी वाटणी. पण तिचा परिणाम बघा. रस्त्यावरच्या मॅनहोलात उतरणारा निदान मस्टरवर आला. त्याला मुकादम होता, पगार होता, पुढे युनियन झाली, संप झाले. घरगल्लीत शिरणारा मात्र कुणाच्याच मस्टरवर नाही. मालकानं सांगितलं, भय्यानं बोलावलं, रोजावर आला, लाईन मोकळी करून गेला. त्याचा हिशोब चाळीच्या वहीत 'किरकोळ दुरुस्ती' या सदराखाली.

लाईन फुटली कुठं हे ओळखणं ही विद्या आहे. इंग्रजांच्या पुस्तकात तिच्या परीक्षा दिल्यात. पाइपात धूर सोडायचा, जिथून निघेल तिथं भोक. वरच्या मजल्यावर पेपरमिंटचं तेल ओतायचं आणि खाली वास घेत फिरायचं. दोन चेंबरांच्या मधे एकीकडं दिवा, एकीकडं आरसा धरायचा. आरशात उजेडाचा गोल पुरा दिसला तर लाईन सरळ, चंद्रकोर दिसली तर कुठंतरी बसलीय. पाइपाच्या व्यासापेक्षा अर्धा इंच लहान गोळा वरून सोडायचा, खाली आपोआप आला पाहिजे. वाचायला छान आहे. पण तुंबलेल्या, भरलेल्या लाईनीत ना दिवा दिसतो ना गोळा चालतो. तिथं आपल्या माणसाची बांबूची कामटी चालते.

तो काय करतो? आधी झाकणं उघडतो. वरचं चेंबर भरलंय आणि खालचं कोरडं, तर अडथळा दोघांच्या मधे. सगळी चेंबरं काठोकाठ भरलीत, तर रोग घराचा नव्हे, रस्त्याचा. मालकानं आपल्याला शिव्या देण्याआधी वॉर्डात तक्रार द्यावी. मग कामटी आत सारतो, हातांनी मोजत. किती हात गेल्यावर अडली ते लक्षात ठेवतो आणि तेवढंच अंतर वर फरशीवर पावलांनी मोजून खूण करतो. कामटी बाहेर काढली की तिच्या टोकाला काय लागलंय ते बघतो. चिकट चरबी आली तर स्वयंपाकघराचा दोष. केसांसारखी तांबूस मुळं आली तर पिंपळ. पिंपळाला सांधा दिसतो, माणसाच्या आधी. पिवळी माती किंवा खडी आली तर समजायचं पाइप फुटलाय, कारण घरातलं कुणी मोरीत खडी टाकत नाही. फरशी एका जागी खचलीय, जोत्याला ओल चढलीय, घुशींनी बीळ केलंय, तर त्याच बिळाखाली सांधा सुटलेला सापडतो. घूस फुटक्या लाईनीचा पत्ता सांगते. दोन घरांत भांडण असेल की गळती कुणाची, तर एकाच्या मोरीत नीळ ओततात आणि ओल निळी होते का बघतात.

आता या विद्येला काय म्हणायचं? डॉक्टर पोटावर बोटं वाजवून रोग सांगतो त्याला निदान म्हणतात. हा जमिनीवर उभा राहून तीन फूट खालचा रोग सांगतो, त्याला चोकअप काढणारा म्हणतात.

दुरुस्तीचंही तसंच. खणायचं ते खालच्या टोकाकडून वरती. चार इंची लाईनीला चाळीस फुटांत एक फूट उतार, सहा इंचीला साठात एक, नऊ इंचीला नव्वदात एक, हे गणित बापानं पोराला शिकवलेलं. उतार कमी पडला की पाणी जातं आणि मैला मागं राहतो. पाइपाचं रुंद तोंड नेहमी वरच्या अंगाला, म्हणजे पाणी सांध्यावर आपटत नाही. सांध्यात डांबरी सुतळी ठासायची, वर सिमेंट. बिडाच्या पाइपाला सुतळीवर शिसं ओतायचं. आणि सगळं झाल्यावर खालचं तोंड बुच मारून लाईन पाण्यानं भरून ठेवायची, पाणी उतरलं तर सांधा पुन्हा. घाईत ही शेवटची पायरी गाळतात. मालकाला ती दिसत नाही, दोन पावसाळ्यांनी दिसते.

चुकीचं निदान काय करतं याचाही इतिहास मुंबईत आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. साहेबांच्या डोक्यात तेव्हा अजून घाणेरड्या हवेचा सिद्धांत. रोग गटारातल्या वासातून येतो म्हणून त्यांनी गटारांत समुद्राचं पाणी आणि कार्बोलिक ओतलं. वास्तविक प्लेगचा जंतू १८९४ ला हाँगकाँगमध्ये सापडला होता, आणि तो उंदरावरच्या पिसवेतून येतो हे १८९८ ला कराचीत सिमाँनं दाखवलं. गटार धुऊन पिसू मरत नाही. शहर सोडून लोक पळत होते तेव्हा कमिशनर स्नो याला सगळ्यांत मोठी धास्ती कशाची होती? हलालखोर आणि झाडूवाले पळतील याची. ते गेले तर मुंबई राहण्यालायक उरणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. बंगलेवाले गेले त्याची तेवढी फिकीर नव्हती. या शहराचा खरा कणा कोण, हे सरकारनं भीतीपोटी का होईना, एकदा कबूल केलंय.

प्लेगनंतर १८९८ ला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, त्याच्या चाळी आल्या. परळच्या अशाच चाळीत बाबासाहेब १९१२ पासून १९३४ पर्यंत राहिले. १९२० च्या दशकात बीडीडी चाळी झाल्या. सगळीकडं सामाईक संडास, सामाईक पाइप. १९४७ च्या भाडे कायद्यानं भाडी जुन्या दरावर गोठली. भाडेकरूला आधार मिळाला, खरं आहे. पण मालकानं इमारतीकडं पाठ फिरवली. छप्पर गळलं तर भाडेकरू ओरडतो. घरगल्लीतला पाइप गळला तर कोण ओरडणार? तिथं कुणी बघतच नाही, खिडकीतून कचरा टाकायचा तेवढा संबंध. १९६९ साली इमारत दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला तो इमारती कोसळायला लागल्यावर. गळक्या लाईनीनं जोतं भिजून पाया खचतो, हे गल्लीतला माणूस आधीपासून जाणत होता.

सरकारनंही चौकशा केल्या. १९४९ ला मुंबई सरकारनं बर्वे समिती नेमली, १९५२ ला अहवाल आला. १९५७ ला केंद्रानं मलकानी समिती नेमली, १९६० ला तिचाही आला. मैला कसा उचलावा, डोक्यावर की ढकलगाडीत, यावर कागद खर्ची पडले.

तिकडं अमेरिकेत १९३० च्या दशकात सॅम्युएल ब्लँक नावाच्या माणसाच्या मुलाच्या घरची लाईन झाडाच्या मुळांनी तुंबली. त्यानं धुलाई यंत्राची मोटर आणि पोलादी तार जोडून मुळं कापणारं यंत्र बनवलं. कंपनी झाली, नाव झालं. १९७१ ला लंडनमध्ये एरिक वूड यानं फुटक्या गटारात राळेत भिजवलेला नमद्याचा लांबलचक मोजा घातला. तो आत कडक झाला की जुन्या पाइपात नवा पाइप तयार. रस्ता खणायला नको. ज्याच्या पोराच्या घरची लाईन तुंबते त्यानं स्वतः हात घातला की यंत्र निघतं. आपल्याकडं हात घालायला दुसरी जात हजर होती, मग यंत्राची गरज कुणाला? २०१८ ला केरळातल्या तरुण इंजिनिअरांनी मॅनहोल साफ करणारा यंत्रमानव केला. नाव ठेवलं बँडिकूट. म्हणजे घूस. पण ती घूस रस्त्यावरच्या मॅनहोलासाठी आहे. तीन फुटी घरगल्लीत अजून कामटीच चालते.

आणि हवा. सडक्या अंड्याचा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइड. थोडा असतो तोवर वास येतो, वाढला की नाकच मरतं. वास गेला म्हणजे हवा स्वच्छ झाली असं वाटतं, आणि पुढच्या श्वासाला माणूस कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. म्हणून एकाच टाकीत तीन-तीन प्रेतं सापडतात. कंदील सोडून बघायची जुनी रीत प्राणवायू आहे का एवढंच सांगते. हा विषारी वायू ती ओळखत नाही, आणि मिथेन असला तर कंदीलच भडका करतो. लेड अॅसिटेटमध्ये भिजवलेला कागद काळा पडला तर उतरायचं नाही, ही स्वस्तातली परीक्षा आहे. ती किती मुकादमांच्या खिशात असते?

१९९३ ला कायदा झाला, २०१३ ला दुसरा. दुसऱ्यात गटार आणि सेप्टिक टाकीत साधनांशिवाय माणूस उतरवणं गुन्हा ठरलं. पहिल्या खेपेला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मालक म्हणतो, आमची खासगी जागा. १८८८ ची तीच हद्द. २०१९ च्या डिसेंबरात गोवंडीत एका खासगी सोसायटीच्या सेप्टिक टाकीत तीन कामगार मेले. त्यांच्या विधवा मुंबई हायकोर्टात गेल्या. २०२१ च्या सप्टेंबरात कोर्टानं सरकारला सांगितलं, प्रत्येकीला दहा लाख द्या आणि ते जबाबदार असतील त्यांच्याकडून वसूल करा. खासगी जागेची सबब तिथं चालली नाही.

ज्यांच्या घरात असं मरण आलंय त्यांनी हे लिहून ठेवावं. २७ मार्च २०१४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानं १९९३ पासूनच्या प्रत्येक गटारमृत्यूला दहा लाख ठरले. २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालानं ते तीस लाख झाले. कायमचं अपंगत्व येऊन माणूस असहाय झाला तर किमान वीस लाख, इतर अपंगत्वाला किमान दहा. कंत्राटदार पन्नास हजार हातावर ठेवून अंगठा मागायला येईल, त्या दिवशी अंगठा देऊ नका.