पांढरकवड्यातील शेतकरी चळवळ : बिल्ल्यापासून यादीपर्यंत

यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेले पांढरकवडा हे नागपूर-आदिलाबाद मार्गावरील कापसाच्या पट्ट्यातील गाव होय. जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवर पैनगंगा आहे व पलीकडे आदिलाबाद. चळवळींचे संघटन प्रत्यक्षात कसे चालते, याचा विचार करताना या परिसरात दोन अगदी भिन्न पद्धती आढळतात.

पहिली पद्धत शेतकरी संघटनेची. शरद जोशी यांनी १९७९ मध्ये चाकण येथे स्थापन केलेल्या या संघटनेचा विदर्भात विस्तार झाला तो कापसाच्या प्रश्नावर. १९७२ पासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना लागू होती. शेतकऱ्याला आपला माल शासकीय यंत्रणेबाहेर विकता येत नसे. सीमेपलीकडे भाव चढला की कापूस चोरून जाई. झोनबंदीला विरोध ही म्हणूनच येथे केवळ तात्त्विक मागणी नव्हती. संघटनेचे बळ प्रशिक्षण शिबिरे, अधिवेशने आणि छातीवरील लाल बिल्ला यांत होते. एकच खरेदीदार असल्याने सर्वांचे गाऱ्हाणेही एकच होते व ते कोणाविरुद्ध मांडायचे हेही स्पष्ट होते. डिसेंबर १९८६ मध्ये सुरेगाव येथील गोळीबारात शेतकऱ्यांचे प्राण गेले, ते कापूस आंदोलनातच. १९९४ मध्ये स्वतंत्र भारत पक्ष निघाला. परंतु रस्त्यावरील गर्दी मतपेटीत फारशी उतरली नाही. पुढे एकाधिकार खरेदी मागे पडली आणि विरोधासाठी समोर असलेला तो एकमेव खरेदीदारही उरला नाही.

दुसरी पद्धत विदर्भ जनआंदोलन समितीची. किशोर तिवारी यांच्या नेतृत्वाखालील या समितीचे केंद्र पांढरकवडा होते. समितीचे मुख्य साधन मोर्चा नसून नोंद हे होते. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांची यादी ठेवावयाची आणि ती प्रसिद्धिपत्रकांद्वारे वृत्तपत्रांना पुरवावयाची, अशी ही रीत. तालुक्याच्या गावातून निघालेले आकडे इंग्रजी दैनिकांत छापले जाऊ लागले, पी. साईनाथ यांच्या लेखनातही ते आले. डिसेंबर २००५ मध्ये राज्य शासनाने १,०७५ कोटींचे, तर जुलै २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातील ६ जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले. त्यामागे अनेक कारणे होती, तरी या नोंदींचा वाटा नाकारता येत नाही.

अशा संघटनाची मर्यादाही तेथेच आहे. बिल्ला लावणारा शेतकरी नेत्याला प्रश्न विचारू शकत असे. यादीतील मृत व्यक्ती काय विचारणार? समिती एका प्रवक्त्याच्या नावाने ओळखली जाई. २०१५ मध्ये तिवारी यांची वसंतराव नाईक शेती स्वावलंबन मिशनच्या अध्यक्षपदी नियुक्ती झाली आणि शासनावर बाहेरून दबाव आणणारी व्यक्ती शासनाच्या यंत्रणेत आली.

दरम्यान शासनाची स्वतःची यादी तयार झाली होती. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती प्रत्येक प्रकरण ‘पात्र’ वा ‘अपात्र’ ठरवी. एक लाख रुपयांच्या साहाय्यासाठी कुटुंबाच्या नावे जमीन हवी, आणि बँक, सहकारी संस्था किंवा परवानाधारक सावकाराचे थकीत कर्ज हवे. मक्त्याने शेती करणारा भूमिहीन आणि विनापरवाना सावकाराचा ऋणको या निकषांत बसत नसे. समितीच्या यादीत अशांची नावे येऊ शकत. शासनाच्या दप्तरी मात्र ती ‘अपात्र’ या रकान्यात राहिली.