पाथरवटाचे प्रजासत्ताक

इतिहास म्हणजे मोठमोठ्या साम्राज्यांचा उदय आणि अस्त, अशी आपल्याकडील सुशिक्षितांची सामान्य समजूत आहे, व शाळेतील क्रमिक पुस्तकांनी ती दृढच केली आहे. रोम, फ्रान्स, इंग्लंड यांची सनावळी ज्यांस मुखोद्गत आहे अशा वाचकांपैकीही सान मारीनो या राज्याची वास्तपुस्त घेणारे विरळा. घेतलीच असेल तर ती बहुधा टपालाच्या तिकिटांचा संग्रह करण्याच्या निमित्ताने! हे राज्य चोहोंकडून इटलीने वेढलेले आहे. त्याचे क्षेत्रफळ अवघे ६१ चौरस किलोमीटर, म्हणजे २४ चौरस मैलांहूनही किंचित कमी. लोकसंख्या सुमारे ३४ हजार. आपल्याकडील एखाद्या तालुक्याच्या कोपऱ्यात ते सहज मावेल. परंतु ज्या इटलीत व्हेनिस, जिनोआ, फ्लॉरेन्स अशी धनाढ्य व बलाढ्य प्रजासत्ताके एकामागून एक नामशेष झाली, त्याच इटलीच्या मध्यभागी हे चिमुकले प्रजासत्ताक अद्याप उभे आहे. ते कसे टिकले? केवळ दैवाने, शेजाऱ्यांच्या कृपेने, की स्वतःच्या काही गुणाने? या प्रश्नाचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

एड्रियाटिक समुद्राच्या काठी रिमिनी नावाचे प्राचीन शहर आहे. तेथून आत पाहिले असता टिटानो नावाचा एकच एक डोंगर सपाटीतून वर उठलेला दिसतो. त्याची उंची ७३९ मीटर, म्हणजे सुमारे २४२५ फूट. समुद्राकडील त्याची बाजू तुटलेल्या कड्याची असून कड्याच्या माथ्यावर तीन शिखरे आहेत व प्रत्येक शिखरावर एकेक बुरूज आहे. सह्याद्रीचे गड पाहिलेल्या वाचकांस हा देखावा अगदीच परका वाटणार नाही.

दंतकथा अशी सांगतात की, चौथ्या शतकाच्या आरंभी डाल्मेशियाच्या किनाऱ्यावरील राब बेटातून मारीनुस नावाचा एक पाथरवट रिमिनीस कामासाठी आला. तो ख्रिस्ती होता. आणि बादशहा डायोक्लीशियन याने ख्रिस्ती लोकांचा छळ आरंभिलेला होता. तेव्हा मारीनुस टिटानोच्या डोंगरात आश्रयास गेला, तेथे त्याच्याभोवती काही माणसे जमली, आणि डोंगराची मालकीण असलेल्या एका रोमन स्त्रीने, आपला मुलगा त्याने बरा केला म्हणून, तो डोंगर त्यास देऊन टाकला. मरतेसमयी त्याने आपल्या लोकांस सांगितले की, बादशहा आणि पोप या दोघांपासूनही मी तुम्हांस मुक्त ठेवून जात आहे. इसवी सन ३०१ मधील ३ सप्टेंबर हा राज्यस्थापनेचा दिवस मानतात, आणि सरकारी कागदांवर त्या वर्षापासून मोजलेला स्वतंत्र शकही घालतात.

ही कथा इतिहासाच्या कसोटीस उतरत नाही, हे उघड आहे. चौथ्या शतकात पोपची ऐहिक सत्ताच नव्हती. मग तिच्यापासून मुक्तता कोण कशी देणार? परंतु कथा खोटी म्हणून निरुपयोगी ठरत नाही. एखादा समाज आपला मूळपुरुष कोण मानतो, यावरून त्या समाजाचे मन कळते. रोमने आपला मूळपुरुष युद्धदेवतेचा पुत्र मानिला. सान मारीनोने हातात छिन्नी-हातोडा धरणारा परदेशी मजूर मानिला. हा भेद लहान नव्हे.

कागदोपत्री पुराव्याचा आरंभ मात्र बराच उशिरा होतो. ८८५ सालच्या एका निवाड्यात सान मारीनो येथील मठाचा अधिपती आणि रिमिनीचा बिशप यांमधील जमिनीचा वाद मठाच्या बाजूने तुटलेला दिसतो. १२४३ मध्ये दोन कारभारी निवडल्याची नोंद सापडते. आणि तीच पद्धत आजतागायत चालू आहे. दर सहा महिन्यांनी, १ एप्रिल व १ ऑक्टोबर या दिवशी, दोन नवे राज्यनायक अधिकारावर येतात; मुदत संपताच त्यांच्या कारभाराविरुद्ध तक्रार करण्याचा हक्क नागरिकांस असतो. दोघांपैकी कोणाही एकास दुसऱ्यावाचून काही करता येऊ नये, आणि दोघांसही सत्तेची चटक लागण्याइतका अवधी मिळू नये, अशी ही योजना आहे.

१२९६ सालचा एक प्रसंग आम्हांस या राज्याच्या साऱ्या इतिहासात अधिक मोलाचा वाटतो. शेजारच्या माँटेफेल्ट्रो प्रांताच्या अंमलदारांनी सान मारीनोकडे कराची मागणी केली. लोकांनी ती नाकारली, तेव्हा चौकशीसाठी रिमिनीचा पालामेदे नावाचा न्यायाधीश नेमला गेला. साक्षीदार म्हणून आलेले लोक डोंगरावरचे साधे रहिवासी होते. आम्ही स्वतंत्र आहोत असे ते म्हणत. तेव्हा त्यांस विचारण्यात आले की, स्वातंत्र्य म्हणजे काय? त्यांच्या उत्तराचा आशय असा की, मनुष्य आपला आपण असतो. प्रभू येशूवाचून त्याच्यावर कोणाचा हक्क नाही. मोठमोठ्या तत्त्वज्ञांनी पुढे या विषयावर ग्रंथ लिहिले. परंतु कर मागणाऱ्या अधिकाऱ्यांपुढे उभे राहून दिलेल्या या उत्तराचे वजन काही निराळेच आहे.

आता या राज्याच्या वास्तूंकडे वळू. तीन बुरुजांपैकी ग्वाइता हा सर्वांत जुना, अकराव्या शतकातला. तो पाया न खणता उघड्या खडकावरच उभा केला आहे. दुसरा, चेस्ता, सर्वांत उंच शिखरावर, तेराव्या शतकातला. तिसरा, मोंताले, चौदाव्या शतकात रिमिनीच्या मालातेस्ता घराण्यावर नजर ठेवण्यासाठी बांधला. त्याचे दार जमिनीपासून बरेच उंच आहे. शिडी वर ओढून घेतली की आत शिरण्यास वाट नाही. यांत राजवाड्याचा डौल नाही, नक्षी नाही. पहारा आणि आसरा एवढाच त्यांचा हेतू. हेच तीन बुरूज, प्रत्येकावर एकेक शहामृगाचे पीस, अशी या राज्याची राजमुद्रा आहे, आणि तिच्यावर एकच शब्द कोरला आहे: स्वातंत्र्य. विनोद असा की, याच मुद्रेतील ग्वाइता बुरुजाचा तुरुंग म्हणून उपयोग १९७० पर्यंत होत होता!

तटबंदीची विद्या या लोकांच्या अंगी मुरलेली होती. सोळाव्या शतकात येथे जन्मलेला जोव्हान्नी बात्तिस्ता बेल्लुत्सी हा फ्लॉरेन्सच्या कोझिमो मेदिची याच्या पदरी लष्करी स्थापत्यविशारद म्हणून नावारूपास आला, आणि किल्ल्यांच्या रचनेवर त्याने ग्रंथही लिहिला. परंतु केवळ तटाने राज्य राखता येत नाही. १४६३ मध्ये मालातेस्तांविरुद्ध पोपच्या बाजूने लढून सान मारीनोने फियोरेन्तीनो, मोंतेज्यार्दीनो व सेर्राव्हाल्ले ही ठाणी मिळविली. त्याच वर्षी फाएतानो आपखुशीने सामील झाले. त्यानंतर राज्याची सीमा वाढली नाही. १५०३ मध्ये चेझारे बोर्जाने हे राज्य गिळले. पण त्याच वर्षी त्याचा बाप, सहावा अलेक्झांडर पोप, मरण पावला, आणि गिळलेले परत ओकावे लागले. येथे दैव अनुकूल झाले, हे मान्य केलेच पाहिजे.

१७३९ सालचे संकट अधिक गहन होते. स्पेनचा एके काळचा प्रधान आणि आता रोमान्या प्रांतातील पोपचा प्रतिनिधी असलेला कार्डिनल अल्बेरोनी याने १७ ऑक्टोबर रोजी राज्य ताब्यात घेतले. मूठभर घराणी प्रजेस नाडीत आहेत, असे त्याचे म्हणणे होते. आणि हा आरोप सर्वस्वी खोटाही नव्हता. २५ ऑक्टोबर रोजी मुख्य चर्चमध्ये प्रतिष्ठित नागरिकांस पोपच्या नावाने शपथ घेण्यास बोलाविले. कित्येकांनी ती घेतली. पण काहींनी सैनिकांच्या देखत, वेदीसमोर, ती साफ नाकारली. ही बातमी रोमला पोहोचली, चौकशी झाली, आणि ५ फेब्रुवारी १७४० रोजी राज्य परत मिळाले. ज्याच्या आज्ञेने ते मिळाले तो बारावा क्लेमेंट पोप दुसऱ्याच दिवशी वारला.

यानंतरची कसोटी मोहाची होती. १७९७ च्या फेब्रुवारीत नेपोलियनने गास्पार मोंज या प्रसिद्ध गणितज्ञास आपला दूत म्हणून धाडले. मैत्री, धान्य, तोफा आणि राज्याची सीमा वाढविण्यासाठी मुलूख देऊ केला. अंतोन्यो ओनोफ्री या नायकाच्या सल्ल्याने प्रजासत्ताकाने मैत्रीचा स्वीकार केला, आणि मुलूख नम्रपणे नाकारला. त्याच वर्षी, मे महिन्यात, हजार वर्षांचे व्हेनिसचे प्रजासत्ताक याच नेपोलियनपुढे कोसळले. नेपोलियनच्या पतनानंतर १८१५ साली व्हिएन्ना येथे युरोपचा नकाशा नव्याने आखला गेला, तेव्हा सान मारीनोचे स्वातंत्र्य मान्य झाले. शेजाऱ्याची जमीन त्याच्या पदरात असती, तर हा प्रश्न इतका सोपा राहिला असता काय? आमच्या मते, या राज्याने राखलेला सर्वांत मजबूत तट तो हाच नकार होय.

स्वतःस भूमी नको, पण पराभूतास आसरा द्यावयाचा, हे व्रतही त्याने पाळिले. गॅरिबाल्डीचे चरित्र मराठी वाचकांनी आवडीने वाचले आहे. रोमच्या पाडावानंतर ऑस्ट्रियन फौज पाठीशी घेऊन, गरोदर पत्नी अनिता हिच्यासह, तो १८४९ च्या ३१ जुलै रोजी येथे पोहोचला. येथेच त्याने आपली उरलीसुरली सेना मोडली, व रात्रीतून तो निसटला. अनिता मात्र ४ ऑगस्ट रोजी राव्हेन्नाजवळ मरण पावली. पुढे इटली एक झाली, तेव्हा १८६२ मध्ये तिने या लहानग्या शेजाऱ्याशी तह केला. १८६१ साली लिंकनला येथील नागरिकत्व अर्पण करण्यात आले. आपले स्वतःचे प्रजासत्ताक फुटत असता त्याने या लहान राज्याचे गौरवपूर्वक आभार मानले.

आता ज्या वास्तू पाहून प्रवासी माना डोलावितात त्यांचे थोडे परीक्षण करू. अल्बेरोनीच्या शपथविधीचे जुने चर्च १८०७ मध्ये पाडले गेले. त्याच्या जागी अंतोन्यो सेर्रा याच्या आराखड्याप्रमाणे १८२६ ते १८३८ या काळात, दर्शनी भागी आठ कोरिंथियन खांबांचे नवे देवालय उभे राहिले. मुख्य चौकातील राजसभागृह तर अधिकच फसवे आहे. त्याचा मनोरा, कंगोरे व कमानी पाहून ते मध्ययुगीन वाटते. वस्तुतः फ्रांचेस्को अझ्झुर्री याने ते १८८४ ते १८९४ या दहा वर्षांत बांधले. ३० सप्टेंबर १८९४ रोजी त्याच्या उद्घाटनास कवी कार्दुच्ची याने व्याख्यान दिले. बुरूज व तट यांचे आजचे रेखीव रूपही बव्हंशी विसाव्या शतकातील जीनो झानी या अभियंत्याच्या जीर्णोद्धाराचे फळ आहे. तात्पर्य, २००८ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलेले हे नगर पुष्कळ अंशी, एका राष्ट्राने स्वतःच्या भूतकाळाचे आपल्याच हातांनी घडविलेले चित्र आहे. यात लबाडी आहे, असे आम्ही म्हणत नाही. पाथरवटाच्या वंशजांनी दगडाला आपली आठवण सांगितली, इतकेच.

परंतु त्या चित्रात एक गोष्ट दिसत नव्हती. कार्दुच्चीच्या व्याख्यानात ज्या स्वातंत्र्याची थोरवी गाइली गेली, ते सामान्य माणसास कितपत लाभले होते? प्राचीन काळी सर्व गृहप्रमुखांची सभा, आरेंगो, भरत असे. सोळाव्या शतकापासून तिचा अधिकार लोपला, आणि साठ जणांचे मंडळ रिकाम्या जागा स्वतःच भरू लागले. सभासदत्व तहहयात असे. अल्बेरोनीने दाखविलेले व्यंग दीडशे वर्षांनीही तसेच होते. अखेर २५ मार्च १९०६ रोजी गृहप्रमुख पुन्हा जमले, तेही त्या आठ खांबांच्या देवालयात, आणि मंडळ लोकांनी निवडावे असा कौल त्यांनी दिला. ज्या जागी १७३९ मध्ये काहींनी परक्याची शपथ नाकारली, त्याच जागी १९०६ मध्ये लोकांनी घरच्या सत्ताधाऱ्यांस जाब विचारला. पहिला प्रसंग अधिक गाजला. दुसरा अधिक कठीण होता.

आणि तेवढ्याने काम संपले असेही नाही. १९२३ पासून १९४३ पर्यंत येथे फॅसिस्टांचा अंमल होता. स्त्रियांस मताधिकार मिळण्यास १९५९ साल उजाडावे लागले. १९८१ मध्ये मात्र एक स्त्री राज्यनायिका झाली.

१९४४ साली तर युद्धच दारी आले. राज्य तटस्थ असूनही २६ जून रोजी ब्रिटिश विमानांनी त्यावर बाँब टाकले, व अनेक निरपराध माणसे मेली. पुढे ब्रिटिश सरकारला भरपाई द्यावी लागली. त्याच दिवसांत सुमारे पंधरा हजार वस्तीच्या या राज्याने आजूबाजूच्या प्रदेशांतील सुमारे एक लाख निर्वासितांस आसरा दिला; रिमिनीहून येणाऱ्या आगगाडीचे बोगदे माणसांनी भरून गेले. सप्टेंबरात जर्मनांस येथून हुसकावून लावले ते चौथ्या भारतीय डिव्हिजनने. नवव्या गुरखा पलटणीचा शेर बहादुर थापा जखमी सोबत्यांस गोळ्यांच्या वर्षावातून वाचविताना येथेच पडला. मरणोत्तर त्यास व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. रिमिनीहून सान मारीनोस जाणाऱ्या रस्त्यावरच गुरखा सैनिकांची दफनभूमी आहे. स्वतःचा देश परतंत्र असता भारतीय सेनेचे जवान जगातील एका अतिप्राचीन प्रजासत्ताकाच्या मुक्ततेसाठी लढले, ही गोष्ट आपणांस तरी विसरता येण्याजोगी नाही.

आरंभी विचारलेल्या प्रश्नास एका शब्दात उत्तर देणे कठीण आहे. दैव होते, डोंगर होता, शेजाऱ्यांची परस्परस्पर्धाही होती. परंतु दैवाने बोर्जाचा बाप मारला, तरी वेदीपुढे शपथ नाकारणारे नागरिक त्याने पुरविले नाहीत. आणि देऊ केलेला मुलूख परत करण्याची बुद्धी डोंगराने दिली नाही. १२९६ मध्ये न्यायाधीशाने विचारलेला प्रश्न या लोकांपुढे प्रत्येक शतकात, कधी परक्याच्या तर कधी घरच्याच तोंडून, पुन्हा उभा राहिला. प्रत्येक वेळी त्यांनी उत्तर लगोलग दिले असे नाही; १९०६ चे उत्तर देण्यास त्यांस तीनशे वर्षे लागली. पण अखेर ते दिले. मोठ्या राष्ट्रांच्या नागरिकांनीही हा लहानसा इतिहास अधूनमधून वाचावा, तो याचसाठी.