ईव्हल कनीव्हल : अपघात आणि कीर्ती यांचा परस्परसंबंध

साहसवीराची कीर्ती त्याच्या यशावर उभी असते, असे सामान्यतः मानले जाते. अमेरिकेतील मोटारसायकलस्वार रॉबर्ट क्रेग ऊर्फ ईव्हल कनीव्हल (१९३८-२००७) याच्या चरित्रात मात्र हे गृहीतक उलटे पडलेले दिसते.

मोंटाना राज्यातील ब्यूट या तांब्याच्या खाणींच्या गावी त्याचा जन्म झाला. खाणकाम, विमाविक्री, मोटारसायकलींची विक्री असे उद्योग करून १९६५ मध्ये तो कसरतींकडे वळला. ३१ डिसेंबर १९६७ रोजी लास व्हेगासच्या सीझर्स पॅलेसमधील कारंज्यांवरून त्याने सुमारे १४१ फुटांचे उड्डाण केले. दूरचित्रवाणीने थेट प्रक्षेपणास नकार दिल्याने त्याने स्वखर्चाने चित्रीकरण करवून घेतले होते. मागचे चाक उतरणीच्या टोकावर आदळले, हात सुटले आणि तो फरशीवर गडगडत गेला. कंबरेचे व मांडीचे हाड मोडले. संथगतीत पुन्हा पुन्हा दाखविलेल्या या दृश्यानेच त्याला घरोघरी पोहोचविले. त्यानंतर तो २९ दिवस बेशुद्ध होता, ही कथा त्याच्या नावाला कायमची चिकटली. चरित्रकारांनी मात्र तिच्याविषयी शंका घेतली आहे.

पुढील क्रमही असाच आहे. ८ सप्टेंबर १९७४ रोजी आयडाहोतील स्नेक नदीची दरी ओलांडण्यासाठी तो वाफेवर चालणाऱ्या अग्निबाणात बसला. हवाई छत्री वेळेआधीच उघडली आणि वाहन दरीत उतरले. मे १९७५ मध्ये लंडनच्या वेम्बली मैदानावर १३ बसगाड्यांवरून झेप घेताना तो पुन्हा कोसळला व तेथेच त्याने निवृत्ती जाहीर केली. पाच महिन्यांनी ओहायोत त्याने १४ बसगाड्या यशस्वीपणे ओलांडल्या. तरीही लोकस्मृतीत ठळक राहिली ती वेम्बलीची पडझड.

या कीर्तीचे बाजारमूल्य मोठे होते. 'आयडियल' कंपनीची त्याच्या नावाची खेळणी प्रचंड खपली. मुलांना तो शिरस्त्राण वापरण्याचा व अमली पदार्थांपासून दूर राहण्याचा उपदेश करी. १९७७ मध्ये आपल्यावरील पुस्तकाने संतापून त्याने लेखक शेली सॉल्टमन यांच्यावर बेसबॉलच्या दांड्याने हल्ला केला. त्यात त्यांचा हात मोडला. कनीव्हलला सहा महिन्यांची शिक्षा झाली. प्रायोजक दुरावले, खेळण्यांचा व्यवहारही संपला. इतक्या अपघातांनी जे घडले नव्हते, ते या एका कृत्याने घडले. १९८१ मध्ये न्यायालयाने सॉल्टमन यांना सुमारे १ कोटी २७ लाख डॉलरची भरपाई मंजूर केली. तिचा मोठा भाग त्यांच्या हाती पडलाच नाही.