काडेपेटीच्या कारखान्यातील जेवणघर

आगकाडी ओढताना ती कोणी केली, हा विचार आपल्या मनात सहसा येत नाही. एकोणिसाव्या शतकातील लंडनकरांच्या मनातही तो क्वचितच येई. त्या काळी स्वस्त काड्यांच्या टोकाला पांढरा फॉस्फरस असे. भिंतीवर घासा की बुटाच्या तळव्यावर, काडी पेटलीच पाहिजे! गिऱ्हाईक खूश होई. पण कारखान्यात त्याच फॉस्फरसची वाफ हवेत भरून राही. किडक्या दाताच्या वाटेने ती जबड्यात शिरे आणि हाड कुजवी. गाल सुजे, पू वाहू लागे, दुर्गंधीमुळे घरची माणसेही जवळ बसेनाशी होत. जबडा कापून काढल्यावर काही वाचत, काही मरत.

हे अज्ञानामुळे घडले असे म्हणावे, तर व्हिएन्नाच्या लोरिन्सर या वैद्याने १८४५ सालीच या रोगाची नोंद केली होती. निरुपद्रवी तांबड्या फॉस्फरसची काडेपेटीही स्वीडनमध्ये १८५५ च्या सुमारास निघाली. लंडनच्या ब्रायंट अँड मे कंपनीने तिचे इंग्लंडपुरते हक्क घेतलेही होते! परंतु कोठेही पेटणाऱ्या काडीचा खप मोठा. तेव्हा तीही बनतच राहिली.

बो भागातील त्या कारखान्यात बहुतेक मजूर बायका आणि पोरी होत्या. दुपारचा पावाचा तुकडा त्या कामाच्या जागीच खात. म्हणजे फॉस्फरस घासाबरोबरच पोटात जाई. दात दुखू लागला तर पोर ते लपवी. तक्रार केली की दात उपटून घे, नाही तर काम सोड, असे ऐकावे लागे म्हणतात. भीती सर्वांनाच होती, पण ती बोलून दाखविणे परवडत नव्हते.

२३ जून १८८८ रोजी अ‍ॅनी बेझंटबाईंनी आपल्या पत्रात या कारखान्यावर लेख लिहिला. पुढे १९१६ साली होमरूलची चळवळ उभारणाऱ्या त्या ह्याच बाई. लेखाचा मुख्य रोख तुटपुंजी मजुरी आणि ऊठसूट होणारे दंड यांवर होता. पाय मळके दिसले तरी पैसे कापत. लेख खोटा आहे, अशा कागदावर सह्या करा, असे कारखान्यातून सांगण्यात आले. बायकांनी सह्या केल्या नाहीत. एकीला कामावरून काढताच जुलैच्या आरंभी सुमारे १,४०० जणी बाहेर पडल्या. बेझंटबाईंनी संप घडविला, असे आपल्याकडे सांगण्याची रीत आहे. आम्हांस ते पटत नाही. बाईंनी संपाची हाक दिली नव्हती. बायका आधी बाहेर पडल्या आणि मग बाईंकडे मदतीला गेल्या.

दोनएक आठवड्यांत तडजोड झाली. दंड बंद झाले, आणि आणखी एक मागणी मान्य झाली: जेवायला वेगळी खोली. फॉस्फरस बंद करा, असा निकाल लागला नाही. भाकरीवर विष पडू नये, एवढेच मिळाले. इतिहासाच्या पुस्तकांत या खोलीला एखादे वाक्यच मिळते. आमच्या मते संपातली सर्वांत बोलकी गोष्ट तीच; कारण आजार कोणत्या वाटेने येतो, हे त्या अडाणी समजल्या गेलेल्या पोरींनी नेमके हेरले होते.

पुढची हकीकत लाजिरवाणी आहे. १८९५ च्या कायद्याने असे आजार सरकारला कळविणे सक्तीचे झाले. तरी १८९८ साली याच कंपनीने सतरा रोगी दडविल्याचे उघडकीस आले. दंड झाला सुमारे २५ पौंड. त्याच वर्षी फ्रान्समधील दोन रसायनज्ञांनी फॉस्फरसचेच एक बिनविषारी संयुग वापरून कोठेही पेटणारी काडी करून दाखविली, तेव्हा कोठे कारखानदारांची सबब संपली. १९०६ साली बर्न येथे देशोदेशींचा करार झाला. इंग्लंडने १९०८ साली कायदा केला आणि १९१० पासून पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्या तेथे बंद झाल्या. हिंदुस्थानात तसा कायदा १९१३ साली आला.

संपाच्या वेळी पंधरा वर्षांची असलेली पोर १९१० साली सदतीस वर्षांची झाली असेल. तोवर ती कारखान्यात टिकली असेल, तर तिने तिचा दुपारचा घास त्या वेगळ्या खोलीत खाल्ला, आणि घंटा झाली की त्याच हवेत परत कामाला बसली.